दोनवर थांबू

रात्री तीनला न्हाणीघरात पडलो.
अंगावर सूत नव्हतं.
नळ चालू, मी आडवा,
आणि फरशीचा गारठा
एकेक मणका मोजत पाठीत चढत होता.

एकतीस वर्षं रुदाच्या कोळसाखाणीत काढली मी,
साडेसहाशे मीटर खाली.
छत बसताना ऐकलंय.
दोस्तांना दगडाखालून ओढून काढलंय,
आणि वर आल्यावर कुणी काही बोललं नाही.
बिअर प्यायलो, घरी गेलो,
दार जोरात लावलं.
आमच्यात त्यालाच दुःख म्हणायचे.

तर असा मी, एवाल्ड, वय एक्क्याऐंशी,
टबाच्या कडेला बेडकासारखा पसरलेला,
आणि शेजारणीच्या किल्लीने दार उघडून
आत आली लाल कपड्यांतली दोन माणसं.

धाकटा दाराएवढा रुंद, मान बैलाची.
म्हटलं, आता हा
पोतं उचलावं तसं उचलणार मला.
त्याने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही.
खुंटीवरचा टॉवेल काढला,
ट्रूडाचा, पिवळ्या फुलांचा,
ती गेल्यापासून मी न धुतलेला,
आणि माझ्या मांड्यांवर पसरला.
मग गुडघे टेकून बसला, ओल्यातच.
मग म्हणाला,
"आजोबा, मी बोगुमिल. हात लावू का?"

हात लावू का.

उभ्या जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं.
वडिलांनी तर नाहीच. त्यांचा हात
विचारून येत नसे.
मीही कुणाला विचारलं नाही.
हेन्रिक सात वर्षांचा असताना
कबुतरखान्याच्या शिडीवरून पडला,
मनगट भलतीकडेच वळलेलं,
आणि मी म्हणालो, रडतोस काय, बाप्या ना तू?
तो गप्प झाला.
इतका छान गप्प झाला की अजून आहे,
तिकडे डॉर्टमुंडला. नाताळात कार्ड येतं.

मी कबुतरं पाळतो, म्हणून हातांतलं मला कळतं.
कबुतर धरायला शिकण्यात वर्षं जातात:
सैल धरलं तर उडतं, आवळलं तर
त्याचं काळीज तुमच्या बोटांत फडफडून थांबतं.
या पोराच्या हातांना ते येत होतं.
"तीन म्हटलं की उठायचं. घाई नाही.
दोनवर थांबावंसं वाटलं, तर दोनवर थांबू."
आम्ही दोनवर दोनदा थांबलो.

मी रडलो. थंडीने, असं त्यांना सांगितलं.
"थंडी आहेच," दुसरा म्हणाला, मिशीवाला नॉर्बर्ट,
आणि माझी नाडी मोजत राहिला,
मला वाटतं, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

हाड मोडलं नव्हतं. कुठे नेलं नाही.
निघताना बोगुमिलने नळ घट्ट केला,
फरशी पुसली, ते काही त्याचं काम नव्हे,
आणि टॉवेल परत खुंटीवर लावला,
फुलं बाहेरच्या बाजूला,
ती लावायची तसा.

हे पत्र तुझ्या साहेबांना लिहायला घेतलं होतं.
तीनदा फाडलं.
"कर्तव्यदक्ष" लिहिलं आणि खोडलं,
तो शब्द आमच्या पर्यवेक्षकाच्या थडग्यावर आहे
आणि तो माणूस चांगला नव्हता.
मग काय लिहू?
की तिथे खाली, अंधारात,
आम्ही ताकद म्हणून जे वर आणलं
ते अर्धंच होतं?
की उरलेलं अर्धं मला
एका ओल्या फरशीवर, उघड्याने, भेटलं?
साहेबाला काय कळणार.

म्हणून तुलाच लिहितो, पोरा.
एक जोडी वेगळी काढून ठेवली आहे तुझ्यासाठी,
राखाडी, मानेवर हिरवी झाक.
तू फ्लॅटमध्ये राहत असशील, ठेवता यायची नाहीत,
हे मलाही कळतं.
तरी ये. नुसती हातात घेऊन बघ.
शिडी तीच, जुनीच आहे.
तिसरी पायरी तेव्हापासून सैल आहे.
तू सावकाश चढ.
मी खाली धरून उभा राहतो.