फोटो

चाळीस वर्षं तालमीत अंगं रगडली,
उतरलेले खांदे बसवले, सरकलेल्या वाट्या.
लंगडणारं पोरगं उंबरा ओलांडायच्या आत
कळायचं मला, लचक आहे की नुसता बहाणा.

रेवडी पंधरा महिन्यांची.
गंगावेशीत धारेच्या म्हशींमागं उंडारायची.
आता पुढचा उजवा पाय
तापल्या तव्यावर ठेवल्यागत
टेकते, उचलते.

आंबेहळद झाली. शेक झाला.
मनगटाच्या वर बोटभर फुगवटा,
तिथवर अंगठा नेतो
आणि दाबत नाही.

मगदूम डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला.
हाडाची कड विस्कटलेली,
ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तशी.
"जंतू असतील," म्हणाल्या, "वय लहान आहे."
मग फोटो पाकिटात घालता घालता,
"कॅन्सरही."

तेवढा शब्द मी घरी आणला नाही.
म्हणजे आणला,
हिला सांगितला नाही.
हाडाचा तुकडा पुण्याला गेलाय. आठ दिवस लागतील.

रात्री पट्टी बांधलेली रेवडी झोपेत पळते,
चारी पायांनी, एकही न चुकवता.
मी दिवा लावत नाही.

आज सकाळी शिरगाव्यांचा धाकटा आला, मान धरून.
तेल लावलं, शीर सापडली,
आणि तोंडातनं गेलं,
"दाबू का?"
पोरगं हसलं,
"वस्ताद, तुम्ही कधीपासनं विचारायला लागला?"