उजवीकडे

ड्यूसबर्गच्या फ्लॅटमध्ये संडास उजवीकडे,
झोंगुल्डाकच्या घरात डावीकडे.
बाबा रात्री उठतात
आणि ज्या देशात नाहीत
तिथलं वळण घेतात.

कपाळ कपाटावर.
आई गोठवलेल्या मटारची पिशवी धरून म्हणते,
रिफ्की, आपण इथे आहोत. इथे.
ते विचारतात,
इथे म्हणजे?

सहा महिने तिकडे, सहा इकडे
(खरं तर सात आणि पाच,
विमावाल्यांना सांगू नका).
कुकर जातो, कुकर येतो,
शिट्टी दर वेळी दुसऱ्या घरी राहते.

ते नसताना दर गुरुवारी मी जाते,
गंजलेलं पाणी सोडून देते नळातून,
टपाल उचलते.
खालच्या ग्राबोव्स्कीबाई जिन्यात अडवतात:
परत कधी येणार तुझी माणसं?
तिकडे मिरच्या वाळवता वाळवता
हालिमे आत्याही फोनवर हेच विचारते,
तेच ‘परत’ वापरून.

मार्चमध्ये भावाला बोलावून
मी इथला पलंगच फिरवला.
उशी खिडकीशी, पाय दाराकडे.
आई पुटपुटली,
दाराकडे पाय मेलेल्याचे.
पण संडास आला डावीकडे,
दोन्ही घरांत, एकदाचा.

त्याच रात्री धप्प.

दिवा लावला तर बाबा भिंतीशी बसलेले,
खाणकामगाराचे ते रुंद हात कपाळावर,
आणि चेहऱ्यावर राग नाही, नुसता हिरमोड:
अगं, आत्ता कुठे
उजवीकडे वळायला शिकलो होतो.