सातव्या वळणावर चुना

दोन्हीला आम्ही गाडीच म्हणतो,
म्हणून भांडण आधी भाषेतच लागलं.
"घाटात गाडी कोणाची जोरात?" मुबीन तांबोळीनं विचारलं,
अन् अंगद तिडके म्हणाला, "कोणती?
दोन चाकांची, का गाडी?"
तिथून तीन महिने.
धारूरच्या स्टँडसमोर चहा दोन रुपयांनी वाढला,
यांचं काही मिटेना.

मी टायरचा माणूस. रिमोल्डिंग, पंक्चर, हवा.
इंजिनाचं मला विचारू नका,
इंजिन बढाया मारतं.
टायर खोटं बोलत नाही,
जिथं झिजायचा तिथंच झिजतो.

रविवारी पहाटे घाट बंद केला, म्हणजे
वरच्या तोंडाला एक पोरगं उभं केलं उपरणं घेऊन,
खालच्या तोंडाला दुसरं.
लोमटे सरांनी शाळेच्या कपाटातून
स्टॉपवॉच आणलं, दोरीसकट.
मी चुना वस्त्रगाळ करून
सातव्या वळणावर पसरला,
घसरू नये इतका पातळ, दिसेल इतका.
रस्त्याला चुना लावणारा
कंत्राटदार सोडून मी पहिलाच.

एकेकट्यानं जायचं ठरलं. मुबीन आधी.
खालून आवाज आला फडकं फाडल्यासारखा,
डोंगरामागं गेला,
अन् एकदम कानात.
तो बसलेला नव्हताच,
गाडीला टांगलेला होता,
गुडघा डांबराला विचारत चाललेला
अजून किती, अजून किती.
वळणात शिरताना मात्र त्यानं दम धरला.
कबुतर दाणा उचलण्याआधी धरतं तेवढाच.
मला दिसला तो. वर सरांना नसणार दिसला.

मग अंगद. जुनी कार, मागची सीट काढलेली,
एक दार तारेनं बांधलेलं.
सरळ पट्ट्यात ती मागंच, ऐकूनच कळत होतं,
जत्रेत जाडा माणूस वाट काढतो तशी.
पण वळणापाशी दम धरलाच नाही तिनं.
ब्रेक उशिरा, फार उशिरा,
मी सीताफळाच्या झुडपात पाठमोरा घुसलो,
चारी टायर किंचाळले
अन् गेली.

धूळ बसल्यावर वाकून बघितलं.
मुबीनचा माग एकच, बाहेरून आत, आतून बाहेर,
गोधडीला घातलेल्या टाक्यासारखा.
रुंदी माझ्या दोन बोटांची.
एवढ्याशा जागेवर त्यानं
बायकोचं बाळंतपण, बँकेचा हप्ता,
सगळं आडवं करून ठेवलं होतं.
अंगदचे माग रुंद, फासलेले,
मागचं चाक पुढच्याच्या रेघेत नाही,
बाजूला सरकलेलं, तरी धरून.
रांगणारं पोर पडत नाही,
उभं राहिलेलं पडतं.

सरांनी वहीत लिहिलं:
कार तीन मिनिटं एक्केचाळीस,
मोटारसायकल तीन सेहेचाळीस.
"सरळ रस्त्यात मी पुढं होतो," मुबीन म्हणाला.
होता. खोटं नाही.
"वळणं काढून हिशेब करा."
सर म्हणाले, "मग घाट कशाला म्हणायचं त्याला?"

अंगद जिंकून गप्प.
मुबीनच्या गुडघ्याकडं बघत होता,
पँट फाटलेली, कातडं गेलेलं,
अन् स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवत होता.
तिथं काहीच नव्हतं.

साडेसातची एसटी उतरली, भरलेली.
ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न दिला,
सातव्या वळणावर दोघांच्या रेघा
सहा चाकांखाली घेतल्या
अन् पांढऱ्या पायांनी माजलगावला निघून गेली.
तिची वेळ कोणी लावली नाही.

रात्री दुकान बंद करताना मुबीन आला.
"कचरूमामा, पट्टा सरळ असता तर? लांब, जालन्यापर्यंत?"
"तर तू."
"अन् पाऊस असता?"
"तर मी चुना कुठं टाकला असता?"
हसला नाही. गाडी स्टँडवर लावली.
मी पाइप घेतला, पुढं अठ्ठावीस, मागं बत्तीस,
नेहमीसारखी.
"दोन पौंड कमी ठेव," म्हणाला,
"वळणासाठी."