पाच हजार चाळीस

माझी घंटा आठवी. सगळ्यांत जड.
बाकीच्या सात आपसांत जागा बदलत राहतात,
मी दर ओळीच्या शेवटी, एकच सूर.
वेदरफेनच्या या मनोऱ्यात एकेचाळीस वर्षं
मी मोजणीत नाही.

सात घंटा. किती तऱ्हांनी वाजतील,
एकही क्रम पुन्हा न येता?
सात गुणिले सहा, गुणिले पाच,
असं उतरत उतरत एकापर्यंत,
काळोख्या जिन्याने उतरावं तसं.
पाच हजार चाळीस.
तीन तास लागतात. मध्ये पाणी नाही,
नाक खाजलं तर खाजू द्यायचं.

तिसऱ्या दोरावर थर्झा ब्रॅकनबरी.
शाळेत गणित शिकवायची, बाहीला खडू, खिशात पेपरमिंट.
म्हणायची, लेकुरवाळी आहे ही संख्या, साठ भाजक!
हिच्याहून लहान एकीचीही कूस इतकी भरली नाही.
सात या, आठ या, नऊ, दहा, बारा या,
सगळ्यांना सारखं वाटून हात झटकून मोकळी.
आणि शेजारीण बघ, पाच हजार एकोणचाळीस.
मूळ संख्या. घरात एक आणि ती स्वतः.
बाकी कुणी दार वाजवलं तर
आतून कडी.

"आणि अकरा?" मी एकदा विचारलं.
बाकीचे उतरून गेले होते.
मर्विनचे बूट जिन्यावर वाजत होते, मग तेही नाहीत.
"अकराने भाग जात नाही," ती म्हणाली.
"बाकी दोन."
आम्ही दोघं दोर गुंडाळत होतो.
खिडकीतून बीटच्या कारखान्याचा गोडसर, कुजका वास.
मी नुसता दोर गुंडाळला.
फार नीट गुंडाळला.

"हिच्यात एक मिळवला तर पूर्ण वर्ग होतो," ती जिन्यात म्हणाली.
"कशाचा?"
"तेवढ्या वयाचा हो, मग सांगते."
पंपघरात रात्रपाळीला, पाण्याच्या नोंदवहीमागे
मी ते काढून पाहिलं होतं. तिला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तिने पुन्हा सांगितलं नसतं.

नोव्हेंबरात तिला पुरलं.
लोलकांना एका अंगाने चामडं बांधलं.
एक ठोका खणखणीत,
पुढचा जणू पलीकडच्या गावातून.
तिच्या दोरावर ऑस्वल्डची नात, डॉर्कस, सोळा वर्षांची,
ओठ दाताखाली.
दोन तास चाळीस मिनिटांवर पाचवी घसरली,
मर्विन खेकसला, सावरली.
मग एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात,
क्रम आपल्या घरी आला, आणि शेवटी मी.
"थांबा," ऑस्वल्ड म्हणाला.

सात दोर थांबले.
माझा थांबवता आला असता.
आणखी एक ठोका पडला, उघडा, बिनचामड्याचा.

डॉर्कस घाबरली, "चुकलं का?"
"नाही," मी म्हटलं. "एकाहत्तर गुणिले एकाहत्तर."
ऑस्वल्डने माझ्याकडे पाहिलं,
म्हाताऱ्यांकडे पाहतात तसं.
मला गेल्याच आठवड्यात एकाहत्तर पूर्ण झाली.
केक कापला होता, मर्विनच्या बायकोने केलेला.
नऊ तुकडे, माणसं आठ.

उतरताना पायऱ्या मोजल्या, पहिल्यांदाच.
चौऱ्याहत्तर.
दोन गुणिले सदतीस, त्यापुढे काही सुटेना.
यात काही आहे का, की नुसत्याच पायऱ्या,
हे तिला विचारायचं राहिलं.