इंचात किती धागे

भिंगं आधी आली.
कॅमेरा अजून भिवंडीच्या गोदामात आहे, म्हणतो बर्डीवरचा निखारे.
रोज तेच सांगतो, नुसता वार बदलून.

पंच्याऐंशीचं पुलगावहून आणलं,
धाबर्डेंनी स्टुडिओ बंद केला तेव्हा.
आत कडेला बुरशीचा एक केस आहे,
तो त्यांनी आपणहून दाखवला, पाचशे कमी केले,
आणि एसटी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहिले.
एकशेपाच कोरं आहे. चोवीस-सत्तरचे हप्ते चालू.
तिन्ही मायच्या स्टीलच्या डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत.
डब्यावर तिनं खडूनं लिहिलंय :
पीठ नाही.

नवतपा सुरू आहे.
गोळीबार चौकातलं डांबर चप्पल धरून ठेवतं.
मी दुपारभर फरशीवर उताणा,
पंचेचाळीस मेगापिक्सेल, पंचेचाळीस, असं पुटपुटत.
बाहेर पारा सत्तेचाळीस.
म्हणजे कॅमेरा अजून दोननं मागेच.

जुन्याचं शटर दोन लाखांपुढे गेलं.
किती नवऱ्या, किती वरातीतले बुजलेले घोडे,
जेवणावळीत डोळे मिटलेला एक तरी मामा,
सगळ्यांच्या तोंडावर जरा साय धरलेली.
बारा मेगापिक्सेल दयाळू असतात.
गिऱ्हाईक खूश, आणि मी घरी येऊन
पडद्यावर पापणी मोठी करत जायचो,
पापणीचे चौकोन व्हायचे,
चौकोनांच्या पलीकडे काहीच नसायचं.

बाबांकडेही एक भिंग होतं.
पितळेचं, घडीचं, काड्यापेटीत मावेल एवढं.
उघडलं की खाली इंचाची चौकट.
मागावरच्या लुगड्यावर ते ठेवून वाकायचे,
सुईच्या टोकानं मोजायचे, ओठ हलत राहायचे.
एक धागा कमी भरला
तर त्या रात्री वरण खारट की अळणी
त्यांना कळायचं नाही.
इतवारीचा व्यापारी कधीच मोजून घ्यायचा नाही.
गठ्ठा उचलायचा, वजन, पैसे, चला.
पुढं माग सरपणाच्या भावानं गेला.
भिंग कुठं गेलं, कोणाला विचारलं नाही.

निखारे म्हणतो,
"एवढे पिक्सेल घेऊन काय करशीन भाऊ?
अल्बम तर बारा-छत्तीसचाच निघते."
मी म्हणालो, हो ना.
आणि पट्ट्याचे पैसे वेगळे दिले.

काल माय परात घासता घासता म्हणाली,
"त्याच्यात माह्या देवी दिसतीन का रे?"
सातव्या वर्षीच्या, दोन्ही गालांवरच्या.
लग्नाच्या फोटोत स्टुडिओवाल्यानं
ब्रशनं भरून टाकलेल्या.
खोटं बोलता आलं असतं.
"दिसतीन," म्हणालो.
"मोजता येतीन?"
"येतीन."
परात उपडी ठेवली तिनं, हात पुसले.
"तुह्या बापानं मोजल्या होत्या.
एकशे अकरा."
आणि कूलरमध्ये पाणी टाकायला निघून गेली,
पाळी माझी असताना.

मी दार लोटलं. खिडकीची एकच फळी उघडी ठेवली.
डब्यातून पंच्याऐंशी काढलं,
मागची बारीक पट्टी बोटानं सरकवली, पडदा उघडला,
आणि लग्नपत्रिकेची कोरी बाजू
तीन बोटं मागे धरली.
आधी नुसता उजेड.
मग थोडी पुढे, थोडी मागे, आणि आलं :
हेडाऊंची काळी टाकी खाली डोकं वर पाय,
कडुनिंब आभाळात रुजलेला,
आणि माय,
पोस्टाच्या तिकिटाएवढी, उलटी,
बादली कलती करून उभी.
पाणी वर चढत होतं.
इतक्या लहान गालावर काही दिसायची सोय नव्हती,
तरी मी वाकलो.

टेबलावर फोन थरथरतोय. निखारेच असेल.
आज गुरुवार, नाहीतर आलाच असेल कॅमेरा.
वाजू दे.
हात हलला तर सगळं पुसट होईल.