हीटर

सदतीस वर्षांनी शटर वर गेलं तेव्हा
आधी उंदीर निघाला, मग वास,
मग नसीम पारकर म्हणाली, "हीच."
ताडपत्रीखाली इसुझू. बेलेट.
मी चाळीस वर्षं पत्रा ठोकतोय,
हे नाव फक्त आमच्या उस्तादाच्या थापांत ऐकलेलं.

दारुखान्यात लोखंड मरायला येतं.
दोन गल्ल्या पलीकडे रोज जहाजं सुटी होतात,
आणि ही तशीच, अख्खी,
खाडीच्या वाऱ्याने फक्त खालून खाल्लेली,
वरून बरी दिसणारी भाकरी
उलटल्यावर करपलेली निघावी तशी.

तिचे वडील व्हिक्टोरिया डॉकात टॅली क्लार्क.
कुठल्याशा जपानी कंपनीचा साहेब घरी परतताना
उसनवारीत म्हणा, दोस्तीत म्हणा,
चावी देऊन गेला. कागद नाही दिले.
कस्टमची ड्युटी गाडीच्या दुप्पट.
इब्राहिमभाई म्हणाले, भरू. पुढच्या वर्षी भरू.
मग पुढची वर्षं येतच राहिली.

दाराच्या कडेला एक चिकटी, तिच्यावर ४२.
मी म्हटलं, बेचाळीसची? लढाईतली?
ती हसली. त्यांच्या बादशहाचं साल आहे ते.
म्हणजे आपल्या शकासारखं, मी म्हटलं,
पंचांगात असतं, पगाराच्या पावतीवर नसतं.

फ्लोअर कापून काढला. अठरा गेजचा पत्रा, नवा.
टाकीत सायकलची चेन आणि मूठभर नट टाकून
दोन दिवस पाळण्यासारखी हलवली,
गंज बाहेर आला तो चहाच्या रंगाचा.
ब्रेकच्या रबरांसाठी ऑपेरा हाऊसची सगळी दुकानं झाली,
एकाने विचारलं, हे काय विमानाचं?
शेवटी कुर्ल्याच्या फ्रान्सिस घोन्साल्विसने
जुन्या रबराचं माप घेऊन साचा केला,
पैसे घेतले नाहीत, म्हणाला, चालू झाली की बसव एकदा.

राहिला हीटर.
त्याची जाळी चाळणीसारखी झालेली.
काढून टाकू, म्हटलं, भोक बंद करू,
मुंबईत हीटर म्हणजे बेडकाला छत्री.
नसीम साठीची. शाळेत गणित शिकवायची.
आवाज चढवत नाही ती.
"हीटर चालला पाहिजे, मांजरेकर."

मग सांगितलं, माझ्याकडे न बघता, पान्हे पुसत:
रविवारी अब्बा आणायचे इथं.
गाडी जॅकवर, चाकं हवेत, मी स्टीअरिंगवर.
ते शेजारी बसून ही कळ ओढायचे,
म्हणायचे, बाहेर बर्फ आहे, काच वर घे.
त्यातून यायचं काहीच नाही.
तरी मी हात शेकायचे.

जाळीला नऊ ठिकाणी डाग दिला. दहावं भोक
पाणी भरल्यावर दिसलं.

मे महिना, दुपारचे दोन.
तिसऱ्या सेल्फला इंजिन खोकलं, पाचव्याला धरलं.
वेल्डिंगवाली पोरं टाळ्या पिटत होती.
काटा चढेपर्यंत थांबलो.
मग तिने कळ ओढली.

आधी जळक्या घुशीच्या बिळाचा वास.
मग धूळ. मग ऊब, खरीखुरी,
घोट्यांवर, गुडघ्यांवर,
जिथं आधीच घाम वाहत होता तिथं.
तिने काच वर घेतली.
मीही माझ्या बाजूची घेतली.

बाहेर बर्फ आहे, असं जिभेवर आलं होतं.
नाही बोललो. ते वाक्य माझं नव्हे.
सदरा अंगाला चिकटला,
डोळ्यांत काय उतरतंय ते दोघांचंही कळेना,
आणि ती दोन्ही पंजे
जाळीसमोर धरून बसली होती,
उलटेसुलटे करत.

आरटीओत फाईल अजून टेबलं बदलतेय.
नंबर नाही, म्हणून गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत जाते,
रस्ता बघते, मागे येते.
डिकीत काहीतरी खडखडतं.
ते शोधायचंय.