कोरडे पाय

आमच्या गावात मूल चालायला लागलं
की आधी त्याला बांध दाखवतात.
हा बांध. पलीकडे समुद्र. अलीकडे तू.
पुढे जन्मभर तो माणूस सरकारकडे
एवढंच मागतो : पाय कोरडे राहू द्या.

डेन हेल्डरच्या गोदीत मी एकतीस वर्षं
मरीन सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी काढल्या.
काढल्या म्हणजे कागदावर.
पहिली माझ्या आधीची. रुंद, बुटकी,
तोंडाच्या जागी नुसती धाडकन पडणारी फळी.
ती वाळूला टेकायची तेव्हा
उतरणाऱ्याला पाणी बेंबीपर्यंत.
हे मला आकड्यांतून कळलं नाही.
रेयर नावाचा सार्जंट आला, टेक्सेल बेटावरचा,
माझ्या टेबलाशी उभा राहिला,
पट्ट्याच्या वर बोट टेकवून म्हणाला, "इथपर्यंत."
आणि जरा थांबून,
"फेब्रुवारीत."

आराखड्याच्या कोपऱ्यात
जिथे मापं लिहितात तिथे मी लिहिलं :
फेब्रुवारी.

दुसऱ्या बोटीत पाणी मांडीपर्यंत आणलं.
तळ चपटा केला, आमच्या आजोबांच्या
शिंपल्यांच्या होड्यांसारखा, ओहोटीला चिखलावर
निवांत बसणारा. पंखा वर, पोटातल्या खोबणीत घेतला.
तिसरीत गुडघा.
मांडीपासून गुडघ्यापर्यंत एक वीत.
त्या वितीला अकरा वर्षं लागली.

चौथीच्या वेळी शेडमध्ये प्लायवूडची खोटी बोट बांधली.
पस्तीस पोरं पाठीवर ओझी घेऊन बाकांवर बसली,
ढुंगणामागे पंचेचाळीस सेंटिमीटर, मीच ठरवलेले.
मी शिट्टी वाजवायचो, घड्याळ दाबायचो.
फळी पडली. सगळे धावले.
युरे नावाचा एकजण बिजागरीपाशी थांबला.
समोर कोरडी फरशी, चहाची किटली, माझी सायकल.
तो खाली बघत राहिला.
त्याच्यामागे चौदाजण थांबले.
चार सेकंद गेले.
अहवालात मी लिहिलं : बिजागरीपाशी दोन बोटं फट, बूट अडकण्याचा संभव.
फट बुजवली.
बूट अडकला नव्हता.

ड्यूकच्या आईनं त्रेपन्नच्या पुरात
छपरावर दोन रात्री काढल्या होत्या, खाली गाय हंबरत होती,
दुसऱ्या रात्री हंबरत नव्हती.
ड्यूक माझे कागद कधी बघायची नाही.
एकदा स्वयंपाकघरात मी आराखडा पसरला
तेव्हा बटाटे सोलता सोलता म्हणाली,
"हे दार कुणाच्या अंगणात पडणार?"
मी म्हटलं, वाळूवर.
"वाळू कुणाची तरी असतेच."
मी पेन्सिलीला टोक काढलं.
टोक आधीच होतं.

पाचवीत पाणी घोट्याच्या खाली आलं, असं म्हणतात.
तोवर मी घरी बसलो होतो,
कागद पडद्यावर गेला होता, आणि ड्यूक
बांधाच्या अलीकडे, चर्चमागे.

पहिली बोट लिलावात गेली.
टेक्सेलच्या आफ्केनं घेतली, मेंढ्यांसाठी.
उन्हाळ्यात ती कळप पलीकडच्या खाऱ्या कुरणात नेते.
परवा मलाही घेऊन गेली.
बाकं काढून टाकली आहेत. लेंड्या, ओली लोकर,
आणि राखाडी रंगाखाली अजून तो जुना आकडा.
माझ्या हाताचा नव्हे, तरी ओळखीचा.

भरती बघून तिनं बोट अशी टेकवली
की रेयर असता तर त्यानं टोपी काढली असती.
फळी पडली.
आठ-दहा मेंढ्या टपटप उतरल्या.
मग एक बिजागरीपाशी थांबली.
तिच्यामागे सगळा कळप थांबला.
माझा अंगठा आपोआप
नसलेल्या घड्याळावर गेला.

आफ्केनं शिट्टी वाजवली नाही. हाकही घातली नाही.
कठड्याला रेलून ती खिशात तंबाखू शोधत राहिली.
समोर गवत होतं. पाणी खुरांपर्यंतही नव्हतं.
मेंढीनं मान वाकवून फट हुंगली.
मीही वाकलो.